बियाला राखलेले वाळूक

बालाघाटाच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे जे दोन भाग पाडले आहेत, त्यांपैकी उत्तरेकडील सखल, काळ्या मातीचा मुलूख गोदावरीमुळे गंगथडी म्हणून ओळखला जातो आणि दक्षिणेस उंच, मुरमाड पठार पसरलेले आहे. या दोहोंच्या सीमेवर, तेलगावकडे उतरणाऱ्या घाटाच्या माथ्याशी, धारूरचे कसबे वसले आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने येथील किल्ला नव्याने उभारला, निजामशाहीच्या अमलात त्यास फत्तेहाबाद हे नाव मिळाले, १६३१ मध्ये ऐन दुष्काळात तो मोगलांच्या हाती पडला आणि पुढे हैदराबादच्या निजामाचा अंमल १९४८ पर्यंत टिकला. अमलदार बदलले, तरी प्रत्येकास हवा होता तो जमिनीचा सारा. बाजरीच्या तासांतून पानांआड वाढणाऱ्या वाळकावर स्वतंत्र आकारणी करण्याचे कोणासही कारण नव्हते. ज्याची नोंद नाही त्याची काळजी सरकारने घ्यावी, अशी अपेक्षा करणेही व्यर्थच. म्हणून या वेलाची वंशपरंपरा राखण्याचे काम दप्तराबाहेर, घराघरांतील गाडग्यांत आणि शिवारात चालत आले.

धारूरच्या परिसरातील सीताफळांची कीर्ती दूरवर आहे आणि बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु सीताफळाचे झाड एकदा खडकाळ उतारावर रुजले म्हणजे वर्षानुवर्षे जागेवर उभे राहते, त्याचा वंश कोणी विसरला तरी ते फळत असते. वाळकाचा वेल चार महिन्यांचा पाहुणा. दसरा-दिवाळीपर्यंत तो वाळून जातो, आणि त्या हंगामात कोणी बी धरले नाही, तर पुढील मृगात तो उगवेलच असा भरवसा नसतो. जुने वाण या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर पूर्वजांनी ठेवून दिलेली एखादी अचल वस्तू येते. पण वार्षिक पिकाच्या बाबतीत जुने वाण म्हणजे दरवर्षी नव्याने करावयाची एक निवड असते, आणि शंभर वर्षांच्या वाणात अशा शंभर निवडी एकामागून एक, खंड न पडता, झालेल्या असतात.

या पिकाचा शिरस्ता मोठा साधा आहे. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, की बाजरीच्या किंवा ज्वारीच्या बियाण्यात चिमूटभर वाळकाचे बी मिसळून तिफणीने पेरायचे, अथवा कापसाच्या व तुरीच्या ओळींत अंतराअंतराने दोन-दोन बिया टोकायच्या. त्यास वेगळे रान लागत नाही, मांडव लागत नाही, आणि वर्षाकाठी सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरीने पडणाऱ्या पावसाच्या या भागात विहिरीचे पाणी त्याच्या वाट्यास येण्याचा प्रश्नच नसतो. मुख्य पिकाच्या सावलीत वेल जमिनीलगत पसरतो, त्याच्या पानांखाली ओल टिकते, आणि भाद्रपदात खुरपणी-राखणीसाठी रानात असलेल्या माणसांना भाकरी-चटणीबरोबर फोडून खाण्यास फळे मिळू लागतात. कोवळी फळे मिठाशी, पिकलेली गुळाशी खायची, आणि जास्तीची असतील त्यांच्या चकत्या उन्हात वाळवून उन्हाळ्यातील भाजीसाठी काचऱ्या करून ठेवायच्या, अशी त्यांची विल्हेवाट लागते.

बी धरण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. काकडी, वाळूक, शेंदाड ही नावे गावोगाव सैलपणे वापरली जातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांत दोन भिन्न जाती आहेत. खरी काकडी ती कुकुमिस सटायव्हस, जिच्या पेशींत १४ गुणसूत्रे असतात. आणि पिकल्यावर सुगंध सुटून जे फळ फुटते ते वाळूक व त्याचे रानटी भाऊबंद शेंदाड ही कुकुमिस मेलो, म्हणजे खरबुजाची जात, जिच्यात गुणसूत्रे २४ असतात. गुणसूत्रांच्या या तफावतीमुळे या दोन जातींचा परस्पर संकर शेतात होत नाही. ओळख पटविण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. कोवळ्या काकडीवर बारीक काटे व पुटकुळ्या असतात आणि तिची पाने टोकदार कोनांची व खरखरीत असतात. कोवळ्या वाळकावर मऊ लव असते आणि पाने गोलाकडे झुकणारी असतात. पिकू दिल्यास निवाडा आणखी सोपा होतो, कारण काकडी पिवळी अथवा तपकिरी होऊन आतून आंबूस लागते, तर वाळकाचा वास घरभर दरवळतो. या निवाड्यावर पुढील सारा बंदोबस्त अवलंबून आहे: वाळकाशेजारी काकडी असली तर वाळकास धोका नाही, पण बांधावर शेंदाड किंवा शेजारी खरबुजाचे रान असले तर आहे.

या दोन्ही जातींशी आपल्या भूमीचे नाते जुने आहे. काकडीचा कडू, लहान फळांचा रानटी पूर्वज आजही हिमालयाच्या पायथ्याशी आढळतो, आणि काकडी प्रथम माणसाळली ती भारतातच, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद उरलेला नाही. रोमचा सम्राट टायबेरियस यास वर्षभर ताज्या काकड्या लागत आणि त्यासाठी चाकांवरील वाफे उन्हात फिरवीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. अलीकडील संशोधकांनी जुनी वर्णने व चित्रे ताडून दाखविले आहे, की ती फळे काकडीची नसून काकडीसारख्या खाल्ल्या जाणाऱ्या लांब खरबुजाची होती. अर्थात रोमच्या राजवाड्यातील ते फळ धारूरच्या रानातील वाळकाच्याच जातीचे ठरते. त्याहून अलीकडचा दाखला अमेरिकेतील आहे. १९२५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात खरबुजांवर भुरी रोगाची साथ आली आणि तेथील उमदी वाणे एकामागून एक हतबल झाली. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी भारतातून गेलेल्या बियाण्यात रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती हुडकून काढली, तिचा संकर आपल्या वाणांशी केला, आणि १९३६ मध्ये ‘पीएमआर ४५’ हे वाण प्रसृत केले. ज्या पिकास येथील सारावसुलीने पीक म्हणून मोजले नाही, त्याच्या सोयऱ्याने परदेशातील एक सबंध व्यापार सावरला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता वेलाच्या संसाराकडे वळू. काकडीच्या आणि वाळकाच्या देशी वाणांत सामान्यतः नर आणि मादी ही फुले एकाच वेलावर वेगवेगळी येतात. नरफुले आधी आणि पुष्कळ, मादीफुले मागाहून आणि थोडी. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच धरलेले दिसते, त्यावरून ते ओळखावे. फुले सकाळी लवकर उमलतात, परागांचे तेज दुपारपर्यंत ओसरते, आणि पराग चिकट व जड असल्याने ते वाऱ्याने उडत नाहीत. त्यांची ने-आण करतात त्या मधमाश्या. मधमाशीस बांध समजत नाही, सातबारा समजत नाही. तिने एका रानातील पराग दुसऱ्याच्या रानात आणून टाकला, की जे बी तयार होते त्याची आई एका शेतकऱ्याच्या मालकीची आणि बाप दुसऱ्याच्या, अशी स्थिती होते. बी घरात राखले जाते खरे, पण घडते ते शिवारात. आणि वाण राखण्याच्या साऱ्या शास्त्राचे मर्म या एका वाक्यात आहे.

सरकारी बीजप्रमाणीकरणाच्या नियमांनी हे ओळखून काकडीवर्गीय पिकांसाठी पायाभूत बियाण्याच्या प्लॉटभोवती १००० मीटर आणि प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटभोवती ५०० मीटर विलगीकरण अंतर सक्तीचे केले आहे. दोन-चार एकरांच्या खातेदारास हे अंतर स्वतःच्या हद्दीत कसे मिळावे? ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ दोनशे एकर जमीन. त्यात कितीतरी खातेदार येतात. पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण सबंध शिवारात जे वाळूक पेरले जाई ते एकाच वळणाचे असे, आणि शेजाऱ्याचा पराग आला तरी तो आपल्याच भाऊबंदांचा असे. आज कोणाच्या ठिबकावर संकरित खरबूज आहे, कोणाच्या मांडवावर संकरित काकडी. सुदैवाने ऋतुचक्र वाळकाच्या बाजूचे आहे: खरबुजाची लागवड बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस होऊन ते उन्हाळ्यात फुलते, तर पावसावरील वाळकाची फुले श्रावण-भाद्रपदातील. परसातील गावरान काकडीस मात्र हे संरक्षण नाही, कारण संकरित काकडी खरीपातही लावली जाते. तिचे बी धरणाऱ्याने शेजाऱ्याशी बोलून पेरणीच्या तारखा तीन-चार आठवड्यांनी पुढेमागे कराव्यात, किंवा पुढे सांगितलेला हाताने परागीभवन करण्याचा मार्ग पत्करावा.

भेसळीचे फळ लगेच दिसत नाही, हे तिचे खरे कपट. शेंदाडाचा पराग वाळकाच्या फुलावर पडला, तरी त्या वर्षीचे फळ वाळकासारखेच गोड लागते, कारण फळाचा गर आईचा असतो. बिघाड शिरतो तो बियात, आणि तो प्रकट होतो पुढील हंगामात, त्या बियाच्या वेलावर. काकडीवर्गातील कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, आणि रानटी वेलांतील कडूपणा संकरात बहुधा गोडव्यावर मात करतो. म्हणून खरीपाच्या आरंभी बांधावरील शेंदाडाचे वेल फुलण्यापूर्वीच उपटावेत, आणि बियाला धरलेले प्रत्येक फळ कापताना देठाकडील बारीक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि त्या फळाचे बी उकिरड्यावर जावे. पावसाच्या ताणानेही फळात थोडी कडवट चव येते हे खरे, परंतु बियाच्या बाबतीत संशयाचा फायदा आरोपीस देऊ नये.

निवड फळाची करायची असे वाटते. वस्तुतः ती वेलाची करावयाची असते. ज्या वेलाने पावसाचा खंड सोसला, ज्याच्या पानांवर भुरी अथवा केवडा उशिरा व थोडा आला, ज्याची फळे आकाराने, रंगाने, चवीने आपल्या वाणाच्या वळणाची आहेत, त्या वेलावरील एक-दोन फळे चिंधी बांधून राखावीत. पाने चट्ट्याचट्ट्यांची व आखडलेली दिसणारे वेल वर्ज्य करावेत, कारण काही विषाणुरोग बियाबरोबर पुढील पिढीत जातात. फळमाशीने डंख केलेली फळेही सोडावीत, आणि राखलेल्या फळांवर जुन्या फडक्याची पिशवी चढवावी. एकाच उत्तम वेलाचे बी धरण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण तो आवरावा. निदान दहा-पंधरा, शक्य तर पंचवीस वेलांचे बी एकत्र केले म्हणजे वाणाच्या अंगचे वैविध्य टिकते, आणि कोणत्या वर्षी कोणता गुण कामास येईल हे आधी सांगता येत नसल्याने ते वैविध्य हेच त्याचे भांडवल असते.

येथे किंमत मोजावी लागते. फळ बियापर्यंत पिकू दिले, की वेल आपली शक्ती त्याच्यात ओतू लागतो आणि नवी फळे धरणे मंदावते. बियाला सोडलेले एक फळ म्हणजे घरात न आलेली अनेक कोवळी फळे. शिवाय राखावयाचे ते उत्तम फळ, आणि खाण्याची इच्छा व्हावी तेही तेच. पोरांनी आधी चांगली चांगली तोडून खावीत आणि अखेरीस वेलावर राहिलेल्या वेड्यावाकड्या फळांचे बी धरावे, असे चार-पाच वर्षे झाले तर शेतकऱ्याने नकळत वेड्यावाकड्या फळांचीच पैदास केलेली असते. चिंधीचे फळ तोडायचे नाही, ही घरातील ताकीद म्हणूनच कोणत्याही प्रयोगशाळेइतकी मोलाची आहे.

हाताने परागीभवन करावयाचे असल्यास त्याची रीत अशी. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी टोकाशी पिवळी झालेली असते. सायंकाळी अशा मादीकळ्या आणि वेगळ्या वेलांवरील नरकळ्या हुडकून त्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधावीत, जेणेकरून पहाटे मधमाशी आत शिरणार नाही. सकाळी सात-आठच्या सुमारास नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादीफुलाचा दोरा सोडून त्यावर पराग अलगद घासावा, फूल पुन्हा बांधावे आणि देठास खुणेचा रंगीत दोरा लावावा. वेलावर आधीची फळे पोसत असली तर नवे फळ गळण्याचा संभव अधिक असतो; म्हणून हे काम हंगामाच्या आरंभी, पहिल्या मादीफुलांवर करावे.

फळ उतरविण्याची वेळ दोन्ही जातींत निराळी आहे. काकडी खाण्याजोगी असते तेव्हा तिचे बी अगदी अपक्व असते. ती परागीभवनानंतर पाच-सहा आठवडे वेलावरच ठेवून पिवळी-तपकिरी होऊ द्यावी आणि तोडल्यावरही आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, कारण त्या अवधीत आतील बी आणखी भरते. वाळूक पूर्ण पिकल्यावर देठापासून आपोआप सुटू लागते किंवा त्यास भेग पडते. भेग दिसताच ते उचलावे, नाहीतर माशी आणि मुंगी आधी पोचतात. काकडीच्या बियाभोवती बुळबुळीत आवरण असते, आणि ते उगवण रोखून धरते. म्हणून गरासह बी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात थोड्या पाण्यात भिजवून आंबवावे आणि दिवसातून एक-दोनदा ढवळावे. आपल्या हवेत एक ते दोन दिवस पुरतात. त्याहून अधिक ठेवल्यास बी भांड्यातच मोडावते. मग भरपूर पाण्यात घोळून तरंगणारे पोचट बी व गर ओतून द्यावा आणि तळाचे जड बी धुऊन घ्यावे. वाळकाच्या बियास बहुधा नुसते स्वच्छ धुणे पुरते.

वाळविण्यात घाई नको आणि कडक ऊनही नको. ताटलीत किंवा फडक्यावर पातळ पसरून, हवेशीर सावलीत, अधूनमधून हलवून बी वाळवावे. कागदावर ते चिकटून बसते. वाकविल्यास न वाकता कट्कन तुटू लागले म्हणजे ते तयार झाले. प्रमाणित बियाण्यासाठी आर्द्रतेची मर्यादा ७ टक्के ठरविलेली आहे, आणि तिच्यामागे सबळ कारण आहे: हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाच्या ठोकताळ्याप्रमाणे बियातील आर्द्रता एका टक्क्याने उतरली, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरी तसेच. बी राखेत घोळून गाडग्यात भरायचे आणि ते गाडगे उतरंडीत ठेवायचे, वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या कवचात बी कोंडायचे, किंवा शेणात कालवून भिंतीवर थापायचे, या जुन्या रीती आहेत. त्यांतील राख ओल शोषते, किडीस अटकाव करते, आणि जाड मातीचे भांडे उन्हाळ्याची धग आत पोचू देत नाही. आज घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाशी कोरडी राख ठेवली, तरी तोच हेतू साधतो. नीट वाळविलेले बी पाच वर्षे सहज टिकते. पेरणीपूर्वी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. साठ उगवल्या तर ते सरकारी किमान मानास उतरले. बरणीवर वाणाचे नाव, रान आणि साल लिहिण्यास मात्र विसरू नये.

संकरित बियाण्याचा द्वेष करण्याचे कारण नाही. बाजारासाठी एकसारखा, भरघोस माल हवा असेल तर ते उपयोगी आहे. परंतु त्याच्या फळातून धरलेले बी पुढील पिढीत नाना रूपांनी फुटते, आणि पॉलिहाऊसमध्ये घेतल्या जाणाऱ्या, परागाविना धरणाऱ्या काकडीत तर बीच नसते. त्या पिकाची मालिका प्रत्येक हंगामात दुकानापासून सुरू होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली हिमांगी यांसारखी सुधारित वाणे संकरित नाहीत, आणि त्यांचे बी योग्य विलगीकरण ठेवून शेतकऱ्यास घरी धरता येते. कायदाही येथे शेतकऱ्याच्या बाजूस आहे. वाणसंरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ ने आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेखाली विकण्यास तेवढी मनाई आहे. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे, आणि ज्या वाळकास कोणत्याच दप्तराने विचारले नाही, त्यास या नोंदवहीत जागा मागण्यास आता कायदेशीर अडथळा नाही.

वाण राखणाऱ्या संस्थाही आहेत. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या दिल्लीतील बीजपेढीत उणे १८ अंशांवर बियांचे नमुने ठेवले जातात, आणि अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान बियांची पेढी उभारली, जिच्यासाठी त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. या दोन मार्गांत विरोध नाही, पण भेद आहे. गोठविलेले बी जसेच्या तसे थांबते. दरवर्षी पेरलेले बी बदलत्या पावसाशी, नव्या रोगांशी झुंजत पुढे जाते. पहिले नष्ट होण्यापासून वाचविते, दुसरे निरुपयोगी होण्यापासून.

ही दुसरी राखण एका घराच्या आवाक्यातील नाही, हे मधमाशीच्या हिशेबावरून आपण पाहिलेच. एका घरच्या गाडग्यास घूस लागते, एका रानावर गारपीट होते, एका वर्षी पेरणीच उलटते. १९७२ च्या दुष्काळासारखे वर्ष आले तर धान्याच्या बियाण्यास तगाई मिळाली तरी वाळकाच्या बियास कोण देणार? म्हणून धारूरसारख्या गावी ज्याला हे वाण राखायचे असेल, त्याने आपल्या बियाचे तीन वाटे करावेत: एक पेरणीस, एक पुढील एक-दोन वर्षांच्या बेगमीस, आणि एक शेजारच्या तीन-चार रानांत देण्यास, तोही मोबदल्याऐवजी हंगामाच्या शेवटी मूठभर बी परत मिळावे एवढ्याच बोलीवर. त्यामुळे नुकसानीचा धोका वाटला जातो, आणि जो शेजारी परक्या परागाचा उगम होता तोच आपल्या वाणाच्या परागाचा धनी होतो. जे ५०० मीटर कोणा एकाच्या सातबाऱ्यात सापडत नाहीत, ते चार खातेदारांच्या तोंडी करारात सापडतात. बी आपल्यापाशीच दाबून ठेवणारा ते गमावण्याची तजवीज करीत असतो. काकडीवर्गाच्या बाबतीत तरी औदार्य आणि स्वार्थ यांचा हिशेब एकच येतो.